लेबलवर साल नसलेली ऑस्ट्रियन नॅचरल व्हाइट वाइन: खराब आहे की अशीच असते, आणि चाखायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात एका घरी व्हिएन्नाहून आलेली ऑस्ट्रियन व्हाइट वाइन उघडली, लेबलवर साल नाही, रंग गढूळ सोनेरी, उघडल्या उघडल्या आगकाडीचा वास आला, मग कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, तोंडात जराशी तुरट. एकजण म्हणाला वाइन गेलीये, दुसरी म्हणाली नॅचरल वाइन, म्हणजे बाहेरून जवळजवळ काहीही न घालता केलेली, अशीच असते, शेवटी उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तीच वाइन सगळ्यांना आवडली. तर विचारलंय की बरोबर कोण, साल नसणं म्हणजे हलका माल का, आणि अशी वाइन चाखायची तरी कशी.

तुमची बाटली बहुतेक धडधाकट होती. पण "नॅचरल वाइन अशीच असते" हे उत्तर मला अजिबात पटत नाही, कारण त्या एका वाक्याखाली खरंच बिघडलेल्या बाटल्याही खपून जातात. मी व्हिएन्नात सोमेलिए, म्हणजे लोकांना वाइन निवडून आणि समजावून देणारी, म्हणून काम करते, मूळची नाशिकची, आणि साल नसलेल्या बाटल्या लोकांना समजावून देणं हा माझ्या रोजच्या कामातला बराच मोठा भाग आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सालाचं बघू. युरोपात लेबलवर साल छापायचं असेल तर आतली किमान ८५ टक्के वाइन त्या सालच्या द्राक्षांची असावी लागते. वाइनमेकरने तीन-चार सालांची वाइन एकत्र केली की बहुतेक वेळा साल छापताच येत नाही, बस, इतकं साधं कारण. दुसरी गोष्ट दर्जाच्या शिक्क्याची. ऑस्ट्रियात वाइनला 'क्वालिटेट्सवाइन' म्हणवून घ्यायचं तर सरकारी लॅबची तपासणी आणि त्यावर जाणकारांच्या पॅनेलची चाखणी, दोन्ही पास व्हावी लागतात, मग लेबलवर परीक्षा क्रमांक येतो आणि झाकणावर लाल-पांढरी-लाल पट्टी. हा कडकपणा आला १९८५ च्या भानगडीनंतर. तेव्हा काही उत्पादकांनी वाइन जास्त गोड आणि भरदार लागावी म्हणून तिच्यात डायएथिलिन ग्लायकॉल घातलेलं सापडलं, निर्यात कोसळली, देशाची अब्रू गेली आणि सरकारने कायदाच नवा केला. त्या कायद्याने ऑस्ट्रियन वाइनचं भलंच झालं यात मला शंका नाही. पण पॅनेलला वाइन स्वच्छ, पारदर्शक आणि त्या द्राक्षाच्या जातीच्या नेहमीच्या चवीची हवी असते, त्यामुळे गढूळ, फिल्टर न केलेली, द्राक्षांच्या सालींबरोबर आंबवलेली वाइन तिथे अडकते. म्हणून बरेच नॅचरलवाले त्या वाटेला जातच नाहीत, लेबलवर नुसतं 'वाइन आउस ओस्टराइश' म्हणजे ऑस्ट्रियाची वाइन एवढंच लिहितात, जो कायद्याने सगळ्यात खालचा दर्जा आहे. सुपरमार्केटमधली स्वस्त लिटरची बाटलीही त्याच दर्जात बसते आणि ४०-५० युरोची मुरवलेली बाटलीही. त्यामुळे साल नाही, पट्टी नाही, यावरून तुम्हाला चांगलं-वाईट काहीच कळत नाही.

आता सालं मिसळायची कशाला, हा खरा गाभा आहे, आणि तो समजला की चाखणं आपोआप सोपं होतं.

ऑस्ट्रिया थंड देश असला तरी हवामान सालागणिक प्रचंड बदलतं. २०१४ ओलं आणि थंड गेलं, द्राक्षं कुजायला लागली. २०१८ इतकं तापलं की बऱ्याच ठिकाणी ऑगस्टमध्येच काढणी सुरू झाली, द्राक्षात साखर भरपूर आणि आंबटपणा कमी. २०२१ परत थंड, आंबटपणा अगदी ठणठणीत. आणि २०१६ च्या एप्रिलअखेरीस जे दव गोठलं त्याने दक्षिणेकडच्या स्टायरियातल्या बागांचं तर भयानक नुकसान केलं, कोवळे कोंब जळून गेले, कित्येकांकडे त्या साली भरायला वाइनच फारशी नव्हती. नेहमीचा वाइनमेकर अशा वेळी काय करतो, नियमात बसेल तसं ॲसिड वाढवतो किंवा कमी करतो, यीस्ट निवडून घालतो, फिल्टर करतो, सल्फर घालून वाइन आहे तिथे थांबवतो. नॅचरलवाल्याने ही सगळी हत्यारं स्वतःच खाली ठेवलेली असतात. मग त्याच्या हातात उरतं काय? शेजारच्या पिंपात असलेली दुसऱ्या सालची वाइन. उन्हाळी सालचा गर आणि थंड सालचा आंबटपणा एकत्र आणला की कसलीही पावडर न घालता तोल साधतो. मला स्वतःला हा अतिशय प्रामाणिक मार्ग वाटतो. मिश्रणाची सवय इथे जुनीच आहे म्हणा, व्हिएन्ना शहराच्या हद्दीतल्या बागांमध्ये एकाच बागेत अनेक जाती लावून सगळ्या एकत्र तोडून एकत्र आंबवतात, त्याला 'गेमिश्टर झाट्झ' म्हणतात, २०१३ पासून त्याला स्वतंत्र डीएसी दर्जा आहे (डीएसी म्हणजे ठराविक प्रदेशाच्या ठराविक धाटणीच्या वाइनला मिळणारा ऑस्ट्रियन कायद्याचा शिक्का), निदान तीन जाती हव्यात आणि कुठलीही एक निम्म्यापेक्षा जास्त नको. जातींची सरमिसळ ज्यांना मान्य, त्यांना सालांची सरमिसळ फार परकी वाटू नये, पण वाटते, कारण इथल्या साध्या पिणाऱ्याला ताजी, चालू सालची, कुरकुरीत आंबट वाइन प्यायची सवय आहे. नोव्हेंबरमध्ये सेंट मार्टिनच्या दिवसाच्या आसपास नवी वाइन आली की आदल्या वर्षीची जुनी झाली, असा हिशोब.

मिसळण्याच्या पद्धतीही दोन आहेत आणि चवीत त्यांचा फरक कळतो. एक म्हणजे बाटलीत भरायच्या आधी दोन-तीन सालांची पिंपं एकत्र करणं. दुसरी सोलेरा, म्हणजे मूळची शेरी ही स्पॅनिश वाइन करणाऱ्यांची पद्धत, पिंपातली थोडी वाइन काढून बाटलीत भरायची आणि रिकामी झालेली जागा नव्या सालच्या वाइनने भरायची, पिंप कधीच पूर्ण रिकामं करायचं नाही, आपण विरजण कसं थोडं मागे ठेवून चालवत राहतो तसं. यातलं गणित मजेशीर आहे. समजा एकच पिंप आहे आणि दरवर्षी एक तृतीयांश वाइन काढून तेवढीच नवी घातली, तर काही वर्षांनी आतल्या वाइनचं सरासरी वय भरण्यानंतर लगेच २ वर्षांवर आणि पुढच्या काढणीच्या वेळी ३ वर्षांवर येऊन थांबतं, मग पिंप कितीही वर्षं चालवा. म्हणजे "यात पंधरा वर्षांपूर्वीची वाइन आहे" हे वाक्य खरं असलं तरी त्या वाइनचा वाटा थेंबभरच असतो. हे लक्षात ठेवा, दुकानदार ते वाक्य फार रंगवून सांगतात.

या पद्धतीचं एक ठळक उदाहरण म्हणजे व्हिएन्नाच्या उत्तरेला, व्हाइनफिअर्टेलमधल्या फेल्म-ग्योट्झेनडॉर्फ गावचे योहानेस त्सिलिंगर यांची 'रेव्होल्युशन व्हाइट सोलेरा'. बायोडायनॅमिक शेती, म्हणजे रासायनिक खतं-फवारे टाळून आणि चंद्राचं पंचांग पाळून केलेली सेंद्रिय शेती, आणि वाइनमध्ये शार्डोने, रीसलिंग आणि शॉयरेबे या तीन जाती. गंमत बघा, व्हाइनफिअर्टेल हा ऑस्ट्रियाचा सगळ्यात मोठा वाइन प्रदेश आणि ग्र्यूनर व्हेल्टलिनर या ऑस्ट्रियाच्या मुख्य पांढऱ्या द्राक्षाचा बालेकिल्ला, ऑस्ट्रियातला पहिला डीएसी दर्जा २००२ च्या सालापासून याच प्रदेशाला ग्र्यूनरसाठी मिळाला, आणि तिथेच बसून हा माणूस जातही वेगळी घेतो आणि सालही लिहीत नाही. शॉयरेबे ही जात १९१६ साली जर्मनीत तयार झाली, ऑस्ट्रियात जुन्या लोकांच्या तोंडी तिचं नाव 'झेमलिंग ८८', आणि तिला ग्रेपफ्रूटसारखा उधळ वास असतो. शार्डोने अंग देते, रीसलिंग कणा देते, आणि शॉयरेबे वर सुगंध. अशी वाइन हातात आली तर तिच्यात ग्र्यूनरची मिरी शोधत बसलात तर निराशाच होणार, म्हणून बाटलीत कुठल्या जाती आहेत हे आधी विचारून घ्यावं.

मिरीवरून आठवलं, ग्र्यूनरमधला मिरीचा वास हा नुसता कवींचा खेळ नाही, रोटुंडोन नावाच्या रेणूमुळे तो येतो आणि तोच रेणू आपल्या काळ्या मिरीत असतो. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये शिराझवर काम करताना तो पकडला, आणि त्याच अभ्यासात दिसलं की पाचातल्या साधारण एका माणसाला तो अजिबात कळत नाही, कितीही घाला. तेव्हा टेबलावर कोणाला मिरी लागली आणि तुम्हाला नाही तर वाद घालू नका, दोघंही खरं बोलताय.

आता चाखण्याकडे येऊ.

पहिली गोष्ट तापमान. आपल्याकडे व्हाइट वाइन म्हणजे फ्रिजमधून काढली की लगेच ओतली. फ्रिज असतो ४-५ अंशांवर. तेवढ्या थंडीत वास बंद होतो आणि तुरटपणा मात्र टोचतो, म्हणजे अशा वाइनचं जे चांगलं तेच लपतं आणि जे अवघड तेच पुढे येतं. १० ते १३ अंशांच्या मध्ये कुठेतरी हवी. पुण्याच्या उन्हाळ्यात बाटली फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं ठेवली तरी पुरतं, हिवाळ्यात जरा जास्त. ग्लास मोठ्या पोटाचा घ्या, निमुळता छोटा व्हाइट वाइनचा ग्लास नको. आणि प्रत्येकाला थोडी थोडी ओता, एकदम भरू नका, कारण पुढे सांगणार आहे तसं ही वाइन तासाभरात दोन-तीनदा बदलते आणि ते बदल बघायला ग्लासात नवी वाइन पडत राहायला हवी.

गाळाचं काय करायचं? फिल्टर न केलेल्या बाटलीच्या तळाशी मेलेल्या यीस्टचा थर असतो, त्याने अपाय काही नाही. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, पहिले दोन ग्लास हळू ओता, ती वरची नितळ वाइन झाली, मग बाटली अलगद आडवी फिरवून गाळ मिसळा आणि तिसरा ग्लास ओता. दोन्ही शेजारी ठेवून चाखा. नितळ ग्लासात आंबटपणा आणि फळ स्पष्ट कळतं, गढूळ ग्लासात अंग वाढतं, पावाच्या कणकेचा वास येतो, चव गोलसर होते. मला बहुतेक वेळा नितळ आवडते, पण काही वाइन गाळाशिवाय अर्धवट लागतात. हा प्रयोग प्रत्येक बाटलीला करा, सांगून समजत नाही ते.

ओतल्यावर जिभेवर बारीक चुरचुर लागली, हलके बुडबुडे, तर घाबरू नका. सल्फर कमी घालायचं म्हणून फर्मेंटेशनचा थोडा कार्बन डायऑक्साइड वाइनमेकर मुद्दाम आत राहू देतो, तो वाइनचं हवेपासून रक्षण करतो. ग्लास जोरात फिरवला की जातो. पण मुळात बुडबुड्यांची नसलेल्या वाइनची बाटली उघडताना सोड्यासारखी फसफसली, वाइन फेसाळून बाहेर आली, तर आत परत आंबणं सुरू झालंय. उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेल्या बाटल्यांचं हे फार होतं.

मग नाक. इथे मी नेहमी सांगते की पुस्तकातले गूसबेरी आणि एल्डरफ्लॉवर सोडून द्या, आपल्या स्वयंपाकघरात जे वास आहेत त्यांनी या वाइनमधल्या अर्ध्या गोष्टी अचूक पकडता येतात, आणि याला केमिस्ट्रीचा आधार आहे.

काळं मीठ घ्या. त्याचा जो वास तो हायड्रोजन सल्फाइडचा. वाइनला पिंपात किंवा बाटलीत हवा कमी मिळाली की तोच वायू आणि त्याचे भाऊबंद तयार होतात, कधी काळं मीठ, कधी उकडलेलं अंडं, कधी विझवलेली आगकाडी. याला रिडक्शन म्हणतात. तुमच्या बाटलीत सुरुवातीला आला तो बहुधा हाच. हवा लागली की बऱ्याचदा अर्ध्या तासात निघून जातो, नसेल जात तर जगमध्ये उंचावरून ओता, परत बाटलीत भरा, परत ओता. हलकी आगकाडी तर मला आवडते, वाइनला ताण येतो त्याने. काळ्या मिठाचा वास तासाभराने, जगमध्ये हलवूनही तसाच असेल तर मात्र ती वाइन मनातून उतरते.

दुसरा वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, थोडा अक्रोडाच्या सालीचा. हा ॲसिटाल्डिहाइड, म्हणजे हवेचा परिणाम. साल लिहिलेल्या ताज्या ग्र्यूनरमध्ये हा आला तर मी बाटली परत पाठवीन. पण ज्या वाइनचा काही भाग चार-पाच वर्षं पिंपात होता तिच्यात तो थोडा असणारच, प्रश्न प्रमाणाचा. आणि त्याच्याच पुढची पायरी म्हणजे मेथी. मेथीदाण्याच्या वासातला मुख्य रेणू सोटोलोन, तोच शेरीमध्ये आणि फ्रान्सच्या जुरा भागातल्या पिवळ्या वाइनमध्ये येतो. सोलेरा वाइनमध्ये मला अगदी मागे, गिळून झाल्यावर, भाजलेल्या मेथीची एक रेघ लागते, आणि ती जुन्या वाइनची सही आहे. युरोपियन सहकारी त्याला करी म्हणतात, आपल्याला नेमकं मेथीवर बोट ठेवता येतं. रीसलिंगचा जुना भाग असेल तर रॉकेलचा पुसट वासही येतो, तोही दोष नाही.

आता दोष. व्हिनेगर आणि नेलपॉलिश, म्हणजे ॲसिटिक ॲसिड आणि इथाइल ॲसिटेट. अगदी थोडं असेल तर सुगंध वर उचलून धरतं, जास्त झालं की नाकाला झोंबतं आणि घशात जळजळतं. युरोपात व्हाइट वाइनला कायदेशीर मर्यादा लिटरला एक ग्रॅमहून किंचित जास्त ॲसिटिक ॲसिडची आहे, पण कायद्यात बसणारी वाइनही पिण्यालायक नसू शकते. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीतल्या गोणपाटाचा वास आला तर बूच खराब, त्याला वाइनमेकरही काही करू शकत नाही, हवेने तो जात नाही उलट स्पष्ट होतो.

आणि मग तो दोष ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण नॅचरल वाइनमध्ये तो वाढत चाललाय आणि तो नाकाला कळतच नाही. इंग्रजीत त्याला उंदराचा वास म्हणतात. वाइनचा पीएच ३.२ ते ३.६ च्या आसपास, त्या आंबट वातावरणात हे रेणू उडतच नाहीत, म्हणून ग्लासात वास शून्य. वाइन तोंडात गेली, गिळली, लाळेने आंबटपणा कमी केला की पाच-दहा सेकंदांनी मागून एक वास येतो आणि तो जात नाही. उंदराचा पिंजरा, शिळे पॉपकॉर्न, ओल्या कुत्र्याचं अंग, असं वर्णन करतात. यातला एक रेणू, २-ॲसिटाइल-१-पायरोलिन, हा बासमतीच्या सुगंधाचा मुख्य रेणू आहे, आपण भातात घालतो त्या बासमतीच्या पानातही तोच. म्हणजे आपल्या लोकांना सुरुवातीला तो वास वाईट वाटतच नाही, "अरे वा, भातासारखा सुगंध" असं कौतुक ऐकलंय मी, आणि मग दोन मिनिटांनी त्याच तोंडात शिळ्या पेजेची चव बसून राहते. सल्फर अजिबात नसेल, हवा लागली असेल आणि काही ठराविक बॅक्टेरिया किंवा ब्रेटानोमायसिस यीस्ट असेल तर हे होतं. लाळेचा पीएच माणसागणिक वेगळा, त्यामुळे काहींना तीव्र लागतं, काहींना काहीच नाही. खात्री करायची घरगुती युक्ती आहे: चमचाभर वाइन वाटीत घ्या, चिमूटभर खायचा सोडा टाका, फेस बसला की वास घ्या. आंबटपणा मरतो आणि रेणू नाकापर्यंत येतात. ती वाटी अर्थात पिऊ नका, पिण्यासारखी राहत नाही.

आणि इथेच दुसऱ्या दिवसाचं महत्त्व. रिडक्शन हवेने सुधारतं. उंदीर हवेने वाढतो. सफरचंदाचा वास चांगल्या सोलेरामध्ये जिथल्या तिथे राहतो, कारण त्यातल्या जुन्या वाइनने हवेशी जे काय भांडायचं ते पिंपातच भांडून घेतलेलं असतं, आणि कमजोर वाइनमध्ये तो रात्रीतून सगळ्यावर चढतो. म्हणून वाइन चांगली का वाईट हे मी अशा बाटलीबद्दल पहिल्या ग्लासावर कधीच ठरवत नाही, बूच लावून एक तृतीयांश उरवते आणि दुसऱ्या संध्याकाळी परत चाखते. तुम्ही नकळत नेमकी हीच चाचणी केलीत. आगकाडी गेली, वाइन उघडली, सगळ्यांना आवडली, म्हणजे उत्तर तुमच्या बाटलीनेच दिलं. वाइन गेलेली नव्हती, तिला हवा हवी होती.

तोंडात काय बघायचं हे आता सांगते, कारण अनेक सालांच्या वाइनचा खरा निकाल वासात नसतो, जिभेवर असतो. एका सालच्या वाइनमध्ये आपण विचारतो की हे साल कसं होतं, पाऊस-ऊन कळतंय का. इथे तो प्रश्न गैरलागू. इथे विचारायचं की नवं आणि जुनं एकमेकांत बसलंय का. घोट घ्या, तोंडभर फिरवा, आणि क्रमाकडे लक्ष द्या. सुरुवातीला ताजं फळ आणि आंबटपणा, जिभेच्या कडांना पाणी सुटतं, हा नव्या सालचा भाग. मध्यावर अंग, जरा गर, दाण्याचा किंवा मधाचा भास, हा मधल्या सालांचा. शेवटी मीठ, तुरटपणा, ती मेथीची रेघ, हा जुन्याचा. चांगल्या वाइनमध्ये या तिन्हींच्या मधे सांधा सापडत नाही, एकातून दुसरं निघतं. वाईट मिश्रणात स्पष्ट कळतं की ताजी वाइन ओतून थकलेल्या वाइनला उभं केलंय, सुरुवात लिंबासारखी आणि शेवट बुरसटलेल्या सफरचंदाचा, मध्ये भोक. असं लागलं तर निःशंक म्हणा की मिश्रण जमलेलं नाही.

तुरटपणाबद्दल एक. व्हाइट वाइनमध्ये तो सहसा नसतो, कारण रस द्राक्षांच्या सालींपासून लगेच वेगळा करतात. नॅचरलवाले बरेचदा काही भाग सालींसकट आंबवतात, काही दिवस, काही आठवडे. तो तुरटपणा हिरड्यांवर जाणवतो, चहासारखा. बारीक दाणेदार असेल तर छान, जीभ खरवडली जात असेल तर जेवणाबरोबर प्या किंवा तसलीच न उघडलेली बाटली असेल तर ती अजून वर्षभर ठेवा. शिवाय या वाइनमध्ये मॅलोलॅक्टिक म्हणजे हिरव्या सफरचंदाचं ॲसिड दुधाच्या ॲसिडमध्ये बदलण्याची क्रिया जवळजवळ नेहमी आपोआप होते, कारण ती थांबवायला सल्फर नसतं, त्यामुळे आंबटपणा धारदार न लागता मऊ लागतो. ज्यांना ऑस्ट्रियन व्हाइट म्हणजे सुरीसारखी आंबट हेच ठाऊक आहे त्यांना ही वाइन पहिल्यांदा ढिली वाटते. दोन-तीन घोट द्या.

सल्फरचं थोडं स्पष्ट करते, कारण त्यावरून बरीच अंधश्रद्धा आहे. युरोपात साध्या कोरड्या व्हाइट वाइनला लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत एकूण सल्फर डायऑक्साइड चालतं, ऑरगॅनिक कोरड्या व्हाइटला १५०. नॅचरल वाइनची युरोपियन कायद्यात व्याख्याच नाही, फ्रान्समध्ये २०२० पासून एक ऐच्छिक शिक्का आहे त्यात कमाल ३० ची अट आहे. शून्य म्हणजे अगदी शून्य सहसा नसतं, यीस्ट स्वतःच थोडं तयार करतं, आणि लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की लेबलवर 'सल्फाइट्स आहेत' लिहावंच लागतं. ते वाचून फसवणूक झाली असं समजू नका. माझं स्पष्ट मत आहे की बाटलीत भरताना १०-२० मिलिग्रॅम घातलेली वाइन शून्यवाल्यापेक्षा जास्त भरवशाची असते, विशेषतः ती भारतापर्यंत प्रवास करणार असेल तर. ऑस्ट्रियात बायोडायनॅमिक शेती खूप जुनी आहे, डॅन्यूबकाठच्या वाखाऊ प्रदेशातलं निकोलाइहोफ हे वाइन-घराणं १९७१ पासून तसं करतंय, आणि तिथल्या वाइन नितळ, टिकाऊ आणि नेहमीच्या चौकटीत अगदी सहज बसणाऱ्या असतात. म्हणजे शेती स्वच्छ असणं आणि वाइन विचित्र लागणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. दोष हा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांवर पाणी फिरवतो, त्याला चारित्र्य म्हणून मिरवू नये असं मला मनापासून वाटतं.

घरी बाटली आली की पुण्यात ३५-३८ अंशांच्या खोलीत ठेवू नका, वाइन फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवा, दाराच्या कप्प्यात नको. परदेशातून येताना भारतात माणशी २ लिटर दारू ड्यूटीशिवाय आणता येते म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या, आणल्यावर निदान पंधरा दिवस पडू द्या, प्रवासाने गाळ आणि वास दोन्ही विस्कटतात.

चाखताना शेजारी तुलनेला एक साधी वाइन ठेवा. ऑस्ट्रियन ग्र्यूनर मिळाली तर उत्तम, नाहीतर नाशिकची चालू सालची ताजी शेनिन ब्लाँ चालेल. एकटी चाखली की या वाइनचा गढूळपणा आणि तुरटपणाच डोळ्यांत भरतो, शेजारी ताजी वाइन असली की मधलं अंग आणि शेवटची लांबी कळते. खायला काय? इथे व्हिएन्नात तळलेली कोंबडी आणि बटाट्याचं सॅलड देतात. तुमच्याकडे दाण्याचं आणि तिळाचं जे काय असेल ते द्या, भरली वांगी, तिखट बेताचं ठेवून, कारण तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही भडकतात. कोथिंबीर वडी फार सुंदर जमते. रव्यात तळलेली सुरमईही. गोड पदार्थ अजिबात नको, वाइन कडू लागते.

आणि पुढच्या वेळी व्हिएन्नाहून कोणी येणार असेल तर दुकानात हे विचारून यायला सांगा: यात सगळ्यात नवं साल कुठलं आणि त्याचा वाटा किती, सगळ्यात जुनं कुठलं, जाती कुठल्या, बाटलीत कधी भरली, आणि एकूण सल्फर किती. चांगल्या दुकानदाराला हे माहीत असतं किंवा तो फोन करून विचारतो. लेबलवर 'एल' अक्षराने सुरू होणारा लॉट नंबरही बघून ठेवा, कित्येक उत्पादक त्यात बाटली भरल्याचं वर्ष घालतात, आणि साल नसलेल्या वाइनमध्ये मला सगळ्यात उपयोगी पडणारा आकडा तोच आहे, कारण अशा वाइनचं घड्याळ खऱ्या अर्थाने बाटलीत गेल्यावर सुरू होतं. भरून वर्ष-दीड वर्ष झालेली बाटली मिळाली तर घ्या, अगदी गेल्या महिन्यात भरलेली असेल तर सहा महिने भाजीच्या खणात राहू द्या आणि मग उघडा.